मामांची दुपारची झोप

माझ्यावर ज्यांचे उपकार आहेत अशांची आठवण काढायला बसलो तर आई-वडील येतील, शाळेतले गुरुजी येतील, वसतिगृहातल्या स्वयंपाकीणबाई येतील. पण पहिला मान माझ्या सासऱ्यांचा. आमच्याकडं सासऱ्यांना मामा म्हणतात. मामा मेंढपाळ आहेत. पिशोरच्या पुढं डोंगराच्या पायथ्याला त्यांचं गाव आहे आणि वर्षातला बराचसा काळ ते मेंढरांमागं रानोमाळ असतात. त्यांनी माझ्यासाठी काय केलं? त्यांनी मला नाही म्हटलं. स्वतःची लेक, म्हणजे माझी बायको, आणि स्वतःची नात, म्हणजे माझी तान्ही मुलगी, माझ्या घरी पाठवायला त्यांनी सगळ्यांसमोर नकार दिला. त्या एका नकारामुळं मी चिखल तुडवायला शिकलो, भिंत लिंपायला शिकलो, उन्हाकडून पंखा फिरवून घ्यायला शिकलो, आणि एक शेळी माझ्या घराची भिंत खात असताना आनंदानं नाचलो. आता ओळीनं सांगतो, नाहीतर कुणाला खरं वाटणार नाही.

शहरात छावणीच्या पलीकडं, पडेगावच्या अंगाला माझं दोन खोल्यांचं घर आहे. विटांच्या पातळ भिंती आणि वर पत्रे. वाळूजच्या एका कारखान्यात मी स्टोअरमध्ये कामाला आहे. घर नावावर झालं त्या दिवशी मी त्याच्याभोवती उगाचच फेऱ्या मारत बसलो होतो. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी, म्हणून पदवीचा कागद काचेत बसवून समोरच्या भिंतीवर लावला. मला वाटायचं, दारातून आत येणाऱ्या माणसाला पहिल्यांदा हेच दिसावं.

लग्नानंतरच्या पहिल्या वैशाखात मामा आमच्याकडं आले. मामांची झोप पाच गावांत प्रसिद्ध आहे. बाभळीच्या काडीएवढ्या सावलीत ते झोपतात. काठीवर हनुवटी टेकवून उभ्याउभ्या झोपतात. ढेकळांवर घोंगडी टाकली की पाठ टेकायच्या आधीच घोरणं सुरू होतं म्हणतात. अशा माणसानं दुपारी माझ्या घरात अंग टाकलं. या कुशीवरून त्या कुशीवर झाले. उठून पाणी प्यायले. परत पडले. वर पत्रे तडतडत होते आणि लाईट गेलेली होती. शेवटी मामा घोंगडी उचलून बाहेर गेले आणि गल्लीत उभ्या असलेल्या एका ट्रॉलीखाली, रिक्षांच्या हॉर्नमध्ये आणि भाजीवाल्यांच्या ओरड्यात, पार दिवस कलेपर्यंत झोपले. तेव्हा ते काही बोलले नाहीत. मीही मनावर घेतलं नाही. पाहुणा माणूस, जागा बदलली की झोप येत नाही, असं मी बायकोला समजावलं.

पहिलं बाळंतपण माहेरी, त्याप्रमाणं ती थंडीत गावी गेली आणि मुलगी झाली. होळी झाल्यावर मी त्या दोघींना आणायला गेलो. नवीन शर्ट घातला होता, पेढे घेतले होते. अंगणात भावकीतले चार लोक बसलेले. चहा झाला आणि मी विषय काढला.

"न्यायला आलो मामा."

मामा म्हणाले, "न्या की. पण आत्ता नाय."

"मग कधी?"

"पाव्हणं, मी मागं तुमच्या घरी आलो व्हतो. मला डोळा लागला नाय." ते भावकीकडं वळले. "मला!"

भावकीतले सगळे एकदम माझ्याकडं बघायला लागले. मामांना झोप लागली नाही, म्हणजे त्या घरात काय असेल!

"भितीवर कागद लई भारी लावलाय तुम्ही," मामा म्हणाले. "पण भित तव्यावानी तापती. माझ्या मेंढराचं कोकरू मी तिथं बांधणार नाय, नात कशी धाडू?"

"मामा, कूलर घेतो की."

"अन् लाईट?"

पडेगावच्या लाईटचं मी कोणत्या तोंडानं सांगणार?

"माझी एकच अट," मामा म्हणाले. "वैशाखातल्या दुपारी मला तुमच्या घरात झोप लागली पायजे. ज्या दिवशी लागंल, त्या दिवशी लेक तुमची, नात तुमची."

दारात बायको मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. मी तिच्याकडं मदतीसाठी बघितलं, तर ती पदरात तोंड लपवून हसत होती. ती बापाच्या बाजूला होती! पेढे तिथंच ठेवून मी एकटाच परत आलो.

मी तसा गंभीर स्वभावाचा माणूस. कोणतीही अडचण आली की मला वाटतं, याचा कुठंतरी वर्ग असणार. आणि खरंच होता. उस्मानपुऱ्यात झेरॉक्सच्या दुकानाच्या दारावर एक कागद चिकटवलेला दिसला: मातीचं बांधकाम आणि घरगुती सौरऊर्जा, दर रविवारी, हातानं शिका, जुने कपडे घालून या. मी इस्त्रीचा शर्ट घालून, नवीन वही घेऊन गेलो. शिकायला जायचं तर नीट जावं, असं आमच्या आईनं शिकवलेलं.

दौलताबादच्या रस्त्याला एका मोकळ्या प्लॉटवर वर्ग भरायचा. शिकवणाऱ्या बाई निवृत्त इंजिनिअर होत्या. सगळी नोकरी सिमेंटवर केली आणि निवृत्त झाल्यावर हौसेनं मातीत उतरल्या. त्यांनी माझ्याकडं वरून खाली बघितलं.

"वही डिकीत ठेवा. बूट काढा. पॅन्ट वर करा. आणि उतरा त्या खड्ड्यात."

खड्ड्यात चिखल होता, गव्हाचा भुसा टाकलेला, आणि त्यात एक दाढीवाले गृहस्थ लुंगी खोचून गोल गोल फिरत होते. "आव भाई आव," ते म्हणाले, "अकेला भैंस के जैसा फिर रऊं मैं." हे चाचा. उस्मानपुऱ्यात त्यांचं कूलर दुरुस्तीचं दुकान आहे. मी विचारलं, चाचा, घरं अशी गार झाली तर तुमच्या कूलरचं काय? ते म्हणाले, "वोईच तो देखने आया. दुश्मन का घर अंदर से देखना पडता."

खड्ड्यात पाय ठेवला आणि मला काय झालं सांगता येत नाही. बोटांच्या फटींतून गार चिखल वर आला आणि मी मोठ्यानं हसलो. पदवीधर माणूस, एका मुलीचा बाप, आणि दुपारपर्यंत मी आणि चाचा एकमेकांचे खांदे धरून त्या चिखलात नाचत होतो. बाई काठावरून ओरडायच्या, "टाचेनं! टाचेनं तुडवा! नाच नंतर करा!"

दुसऱ्या रविवारी मी एक पराक्रम केला. बाईंनी सांगितलं होतं, आपापल्या भागातली माती आणा, तिच्या विटा पाडून बघू. मी मधल्या आठवड्यात रजा काढून थेट गावाला गेलो. वडील शेतकरी. म्हणालो, शाळेत माती न्यायचीय. त्यांनी आमच्या रानातला सगळ्यात चांगला तुकडा दाखवला. काळीभोर, लोण्यासारखी माती. नेण्यासारखं काही असेल तर चांगलं तेच न्यावं, ही आमच्या घरची रीत. दोन पोती भरून मी एसटीत चढवली.

कंडक्टरनं पोत्याला पाय लावून विचारलं, "काय हाय?"

"माती."

"माती? शहरातली संपली का काय?"

सगळी एसटी हसली. मी मात्र ताठ मानेनं बसून राहिलो. त्या मातीच्या विटा मी एकट्यानं पाडल्या. संध्याकाळी त्या अशा चमकत होत्या की चाचांनीसुद्धा त्यांच्यावरून हात फिरवला. पुढच्या रविवारी जाऊन बघतो तर प्रत्येक विटेला इतक्या भेगा, की त्यांत बोट जाईल. एक उचलली तर हातात अर्धीच आली.

"ये ईंट हाय के खारी बिस्कुट?" चाचा म्हणाले. "चाय मंगाऊं?"

बाईंनी विचारलं, "उन्हाळ्यात तुमच्या रानाला भेगा पडतात का?"

"पडतात की. लहानपणी पाय अडकायचा."

"आणि तीच माती तुम्ही भिंतीला आणलीत!"

काळी माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते. तिच्यात कापूस लावायचा, घर बांधायचं नाही. आमचे आजोबा हे झोपेतसुद्धा सांगू शकले असते. पण मी जन्मलो तो सिमेंटच्या घरकुलात, मातीचं घर उभं राहताना कधी बघितलंच नव्हतं. मी वडिलांना फोन करून सांगितलं तर ते म्हणाले, "तू शाळेत न्यायची म्हनला, मला वाटलं पूजेला पायजे असंल." ती दोन पोती मी माझ्या घरासमोरच्या कडुनिंबाला घातली. कडुनिंबानं एका महिन्यात अशी पालवी फोडली की विचारू नका.

मग मुरूम आणि पांढरी माती आली. मूठभर ओल्या मातीचा गोळा करायचा, खांद्याएवढ्या उंचीवरून सोडायचा. चिखलासारखा पसरला तर पाणी जास्त, भुगा झाला तर कमी, चार-पाच तुकडे झाले तर बरोबर. माझा पहिला बरोबर गोळा फुटला तेव्हा मी त्या तुकड्यांचा फोटो काढून बायकोला पाठवला. तिचं उत्तर आलं: "हे काय फुटलं?" मी लिहिलं: "आपलं घर होतंय." तिनं मुलीचा फोटो पाठवला. मुलगी कुशीवर वळली होती. पहिल्यांदा वळली, आणि ते मी फोनवर बघितलं. त्या संध्याकाळी मी चाळणी घेऊन अंधार पडेपर्यंत माती चाळत राहिलो.

शेवटचे रविवार बाईंनी माझ्याच घरी वर्ग घ्यायचं ठरवलं. मामांची अट ऐकल्यापासून त्या पेटल्या होत्या. "मी धरणाच्या भिंतीला मंजुरी घेतली," त्या म्हणाल्या, "पण असा तपासणी अधिकारी मला कधी भेटला नाही."

मावळतीकडची भिंत दुपारभर तापते म्हणून तिच्या बाहेरून मातीच्या विटांची दुसरी भिंत उभी केली, मधे चार बोटं मोकळी हवा. पत्र्याखाली बांबूचे तट्टे बांधून त्यांना खालून माती लिंपली. वर तापलेली हवा निघून जावी म्हणून दोन्ही टोकांना झरोके ठेवले. पत्र्यावर चुन्याचे हात मारले. आतल्या भिंतींना माती आणि भुसा, आणि शेवटच्या हाताला बाईंनी गुळाचं पाणी घालायला सांगितलं, त्यानं लिंपण घट्ट धरतं. चाचांनी बोट लावून चाटलं. "शीरा हाय ये तो. थोडी इलायची डालो." पदवीचा कागद काढून ठेवला होता, तो परत लावायचं मी विसरूनच गेलो. लिंपलेली भिंत मोकळी बरी दिसत होती.

सौरपॅनल बसवायचं काम माझ्याकडं होतं. मी भक्तिभावानं त्याचं तोंड उगवतीकडं केलं. चाचा शिडीवरून म्हणाले, "सूरज सुबे सलाम करके वहींच बैठ जाता क्या?" मग दक्षिणेला तोंड केलं, पत्र्यापासून हातभर उंच, म्हणजे खालून वारा खेळतो आणि पत्र्याला सावलीही मिळते. वायरी जोडल्या, बॅटरी लावली. दुपारी लाईट गेली. सगळ्या गल्लीतले पंखे थांबले, लोक हाश्श हुश्श करत ओट्यावर आले, आणि माझ्या घरात पंखा फिरत होता. मी बायकोला फोन लावून ओरडत होतो, "लाईट नाही आणि पंखा फिरतोय! लाईट नाही आणि पंखा फिरतोय!"

"बरं बरं," ती म्हणाली. मग तिनं हळूच वडिलांचं विचारलं, "आबा झोपतील ना हो?" तिचा आवाज ऐकून मला कळलं, ती आता माझ्या बाजूला आली होती.

वैशाखातल्या एका भाजून काढणाऱ्या दुपारी मामा आले. खांद्यावर घोंगडी, हातात काठी. बाई आणि चाचा सकाळपासूनच येऊन बसले होते. लाईट नुकतीच गेली होती, आणि इतका आनंद मला लाईट गेल्याचा कधी झाला नव्हता. मामांनी जेवण केलं, हात धुतले, घोंगडी अंथरली आणि आडवे झाले. आम्ही तिघं खिडकीशी उभे राहिलो.

थोड्या वेळानं आतून आवाज आला. "माणूस निजताना तिघं जणं बघत्यात व्हय? का म्हस व्याया लागलीय?"

आम्ही पळत कडुनिंबाखाली जाऊन बसलो. तिथून मी हळूच जाऊन डोकावलो. मामांचे डोळे उघडे. परत जाऊन डोकावलो. उघडेच. आत चांगलं गार होतं, पंखा फिरत होता, अंगावर घामाचा थेंब नाही, आणि मामा तट्ट्यांकडं टक लावून पडलेले. पुढचा वैशाख येईपर्यंत मुलगी चालायला लागली असती.

मी बायकोला फोन लावला. "झोपंनात गं."

"गरम होतंय?"

"नाही, मस्त गार आहे."

"आवाज हाय का घरात?"

"अजिबात नाही. बाईंच्या भिंती आहेत, बाहेरचा हॉर्नसुद्धा आत येत नाही."

ती जोरात हसली. "अहो, मग कसं झोपतील! आबांना मेंढरांच्या घंट्या लागत्यात. घंट्या वाजत्यात तवर समदं ठीक. थांबल्या की डोळा उघडतो, लांडगा आला का काय म्हणून."

म्हणजे मागच्या वर्षी घर तापलं म्हणून झोप नव्हती, आणि या वर्षी घर इतकं चांगलं झालं की झोप नाही! मी धावत देव्हाऱ्यातली घंटी आणली आणि दाराआड बसून हळूहळू वाजवायला लागलो. आत खसपस झाली. मामा उठून बसले, हात जोडले आणि म्हणाले, "आरती हाय का?"

"नाही मामा. पडा तुम्ही."

चाचांनी माझ्या हातातून घंटी काढून घेतली. "नक्को रे. भगवान को नक्को उठा, ससुरे को सुला." आणि ते गल्लीत गेले. शेजारच्या मावशींच्या दारात एक शेळी बांधलेली असते, गळ्यात पितळी घंटा. मला इथूनच ऐकू येत होतं.

"शेळी? कशाला?" मावशी विचारत होत्या.

"इनके ससुरे को सुलाना है."

"उन्हानं डोकं फिरलं का तुमचं?"

पण त्यांनी शेळी सोडली. मागच्या दारानं आम्ही तिला आत घातलं. ती दोन पावलं चालली. टुणुक. मान हलवली. टुणुक टुणुक. आम्ही दाराआड कान लावून उभे. आणि मग आतून पहिलं घोरणं आलं. काय सांगू, आमच्या कॉलेजच्या निकालाच्या दिवशीसुद्धा मी इतका हरखलो नव्हतो. बाईंनी दोन्ही मुठी हवेत उडवल्या. चाचा आणि मी खांदे धरून कडुनिंबाखाली अनवाणी, आवाज न करता नाचलो, अगदी पहिल्या रविवारच्या चिखलातल्यासारखे.

नाचून झाल्यावर मी डोकावलो तर शेळी भिंत खात होती. भुसा आणि गूळ! ती मन लावून, डोळे मिटून चाटत होती, ओढत होती, आणि तिच्या प्रत्येक घासाला घंटा वाजत होती, आणि प्रत्येक घंटेला मामा अजून खोल जात होते. मी तिला हाकलायला पुढं झालो. चाचांनी माझी कॉलर धरली.

"छेड नक्को! दीवार फिर बना लेंगे. ससुरे की नींद फिर नै आती!"

ऊन उतरल्यावर मामा उठले. शेळीकडं बघितलं, मग भिंतीकडं.

"कुणाची ही?"

"शेजारच्या मावशींची."

"भित खाल्ली हिनं."

"व्हय मामा."

"कुणी आणली?"

"मी. म्हणजे आम्ही. तुम्हाला झोप लागंना म्हणून."

मामा उठून भिंतीपाशी गेले. खाल्लेल्या जागेवरून हात फिरवला, मग अख्खा तळवा टेकवून तसेच उभे राहिले. मी घाबरत म्हणालो, "मामा, शेळीमुळं झोप लागली असं धरणार असाल तर..."

"अट झोपेची व्हती," मामा म्हणाले. "शेळीचं मी काय बोललो नव्हतो." आणि मग ते हसायला लागले. इतके हसले की काठी खाली पडली. शेळी दचकली, घंटा वाजली, आणि मामांना पुन्हा जांभई आली.

जाताना दारात ते एवढंच म्हणाले, "सोमवारी या न्यायला. गाडी करून या. नातीला एसटीची दगदग नको."

सोमवारी मी दोघींना घरी घेऊन आलो. पोचलो की मामांना तसं कळवावं लागतं. फोन त्यांच्या कामाचा नाही, तो घरी मेव्हण्याकडं असतो आणि मामा रानात. पत्र गेलं तर मेव्हणा ते त्यांना मेंढरांपाशी जाऊन वाचून दाखवतो, आणि आवडलं तर ते पुन्हा वाचायला लावतात. म्हणून मी पत्र लिहिलं. ते असं.

मामा,

तुमच्या पाया पडतो. आम्ही सुखरूप पोचलो. गाडीत तुमची नात सगळा रस्ता जागी होती आणि ड्रायव्हरच्या टोपीकडं हात करत होती. घरात आल्यावर तिनं पहिल्यांदा वर बघितलं. पंखा फिरत होता. लाईट नव्हती, हे तुम्हाला मुद्दाम कळवतो.

तुमच्या लेकीनं सगळ्या भिंतींना हात लावून बघितला. शेळीनं खाल्लेली जागा मी लिंपणार होतो, तिनं नको सांगितलं. पदवीचा कागद कुठं आहे असं तिनंच विचारलं, आणि तो आता दुसऱ्या खोलीत लावला आहे, कारण आलेल्या प्रत्येकाला ती समोरच्या भिंतीवरची शेळीची जागा दाखवते. बाई येऊन नातीला बघून गेल्या. चाचांनी तिला खुळखुळा आणला.

मामा, तुम्ही त्या दिवशी अंगणात हो म्हणाला असता तर मी त्या दोघींना त्या तव्यात आणून ठेवलं असतं आणि मला ते कळलंही नसतं. मला शाळेत पुष्कळ लोकांनी शाबासकी दिली. पण तुम्ही नाही म्हणालात म्हणून मला घर मिळालं.

आता एक विनंती. नात दुपारी झोपत नाही. घर गार आहे, पोट भरलेलं आहे, आणि ही तट्ट्यांकडं टक लावून बघत पडते, हुबेहूब तुमच्यासारखी. तुमची लेक म्हणते, जन्मल्यापासून मेंढरांच्या वाड्याशेजारी झोपलीय, तिलाही घंट्या लागतात. दोन दिवस मावशींची शेळी आणली. नात झोपली, पण भिंत कोपऱ्यापर्यंत गेली आहे. रोज असं केलं तर पुढच्या वैशाखापर्यंत घर उरणार नाही.

तरी तुमच्या कळपातली एखादी जुनी घंटा असेल तर पाठवा. पंख्याच्या वाऱ्यावर वाजेल अशी पाळण्यापाशी बांधतो. पाठवण्यापेक्षा स्वतः घेऊन आलात तर जास्त बरं. घोंगडी आणायची गरज नाही, तुमची जागा झाडून ठेवली आहे. शेळीला मी सांगून ठेवतो.

तुमचा,
भिंत खाल्लेल्या घरातला जावई